पंधरा दिवस

मुलगी चौथ्या दिवशी पिवळी पडली. डॉक्टरांनी लगेच निळ्या दिव्याखाली ठेवली. डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बायकोचं सिझर झालेलं, टाके ओले, कूस बदलायलाही तिला धरावं लागायचं. आणि मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवून कॉलवर! तीन दिवसांची रजा संपली होती. वाढवून मागितली तर साहेब म्हणाले, "डिलिव्हरी तर झाली ना?"

सहा वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. ती हवीच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यालाही पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एकही दिवस नाही. कंपनी देईल तेवढे, साहेबाची मर्जी असेल तर.

आपल्याच हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. १५ दिवस, गरजेप्रमाणे तीन महिन्यांपर्यंत, आणि असंघटित कामगारांनासुद्धा. ते मंजूर झालं नाही. २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने सातव गेले. तो विषय पुन्हा कुणीतरी हातात घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

"पुरुष घरी बसून करणार काय?" असं आमच्या घरातल्या मोठ्यांनीच विचारलं होतं. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. शेक-शेगडी, न्हाऊ-माखू घालायला चार बायका असायच्या. आज पुण्यातल्या दोन खोल्यांत कोण आहे? सासूबाईंचे गुडघे गेलेले, माझी आई गावी. रात्री तीनला लंगोट बदलायचं, ढेकर काढायची, बाळंतिणीला गरम पेज द्यायची, हे बापाने नाही तर कुणी करायचं? आणि हे हाताला वळण पहिल्या दिवसांतच लागतं. तेव्हा सुटलं की पुढे "तिलाच जमतं" म्हणून सगळं आईच्याच गळ्यात पडतं. नोकरी देतानाही बाईलाच नाकारतात, कारण रजा फक्त तीच घेणार हे ठरलेलं. बापही रजेवर जाणार असेल तर हा हिशेब बदलेल.

पुढच्या महिन्यात माझ्या टीममधला एक मुलगा बाप होतोय. नियमात पाच दिवस आहेत. उरलेले दहा मी माझ्या अधिकारात देतोय, आणि त्याला कुणी फोन लावायचा नाही हे आजच सगळ्यांना सांगितलंय. शेजारच्या टीममधल्याला मात्र तीनच मिळाले.