‘येतं ना तुला वाचायला? मग वाच की!’

हे वाक्य माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी, गणेशचवथीच्या आधल्या आठवड्यात मी थोरलीला म्हणालो. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी करत बसलो होतो. सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, नारळांचा घोस. ती पुस्तक घेऊन आली आणि ‘वाचून दाखव’ म्हणत नेहमीसारखी मांडीत घुसायला लागली. पहिली पास झालेली मुलगी. कदंबाच्या सरकारी बसवरची पाटी वाचायची, दुकानांची नावं वाचायची, देवळातल्या देणगीदारांची फरशी तर वरपासून खालपर्यंत वाचायची. मला वाटलं, चला, आपलं काम झालं. ती काही बोलली नाही, पुस्तक घेऊन आत गेली. मी पुन्हा यादीत.

ते पुस्तक तिने नंतर उघडलंच नाही, हे मला कळायला बरेच दिवस गेले. कळलं तेही कसं, तर पावसाळ्यानंतर पुस्तकं उन्हात घालताना. आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जून ते सप्टेंबर घरात जे काही कागदाचं आहे ते ओलं असतं. लग्नपत्रिका वाकतात, वह्यांची पानं फुगतात, आणि हाताळली न जाणारी पुस्तकं तर सांगायलाच नको. ऑक्टोबरच्या उन्हात अंगणात चादरीवर सगळी मांडली, तेव्हा तिच्या इंग्रजी पुस्तकांचे कोपरे दुमडलेले, एकावर चहाचा डाग, एकाचं मुखपृष्ठच गायब. मराठी पुस्तकं मात्र नव्यासारखी. फक्त त्यांच्यावर पांढरी बुरशी आली होती.

पुस्तकावरची बुरशी फडक्याने निघते हो. पण मी ते फडकं हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसलो.

इथे एक कबुली देतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणाला ती काढावी लागणार नाही. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा त्याविरुद्धच्या आंदोलनात मीही होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि तिला घातली इंग्रजी माध्यमात. कारणं देऊ शकतो, दहा आहेत, पण देत नाही. पालकसभेत एका बाईंनी सगळ्यांना सांगितलं, ‘घरीसुद्धा इंग्रजीतच बोलत जा.’ मी मान डोलावून आलो. बायको रस्ताभर बोलली नाही माझ्याशी, आणि तिचं बरोबर होतं.

तर अशी मुलगी. घरी मराठी, वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरांत कोंकणी, शाळेत इंग्रजी. देवनागरी लिपी तिच्या वाट्याला येते ती एका विषयापुरती, आठवड्यातून काही तासिका. आणि मी तिला म्हणालो, येतं ना वाचायला.

काय येत होतं? अक्षरं येत होती. बाजूला बसून एकदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं. ‘वि... द्या... र्... थ्यां... नी’ इथवर पोचताना तिच्या कपाळावर आठी. रफार, जोडाक्षर, वर अनुस्वार, सगळं एकाच शब्दात. त्यात आपली भाषा अशी की क्रियापद बसलेलं असतं वाक्याच्या शेवटी. तिथपर्यंत धापा टाकत पोचेस्तोवर मुलगी विसरलेली असते की हे सगळं केलं कोणी. कान मात्र त्याच मुलीचे भलतेच पुढे गेलेले. आजीने जेवताना सांगितलेली वाड्यातल्या भांडणाची लांबलचक हकीकत, सात माणसं आणि तीन पिढ्यांसकट, ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगते. म्हणजे समजतं आठ-दहा वर्षांच्या पोरीचं, आणि स्वतः वाचता येतं ते ‘कमल, नमन कर’ एवढंच. तिने ते का वाचावं? मी तरी वाचलं असतं का?

वाचनाचा अभ्यास करणारे हेच सांगतात. मुलाला ऐकून जेवढं कळतं तेवढं वाचून कळायला अनेक वर्षं जातात. दोन्ही एका पातळीवर येतात साधारण आठवीच्या सुमाराला. तोवर मधली दरी भरून काढायला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. आपण नेमकं काय करतो? पोराने पहिला धडा वाचला की टाळ्या वाजवतो आणि खुर्चीवरून उठतो. इंग्रजीचं त्यातून निभावतं, कारण तिच्या भोवती दिवसभर शाळा आहे, कार्टून आहेत, मोबाईल आहे. मराठीच्या भोवती गोव्यात आपण सोडून कोण आहे?

मला जास्त लागलं ते वेगळंच. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आजोळी श्रावणात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप, चौसष्ट अध्याय. रात्री जेवणं आटोपली की सोप्यावर कंदील, मामा वाचायला, आणि बाकी सगळी ऐकायला. आजीला अक्षर येत नव्हतं, ती ऐकायची हे ठीक. पण धाकटा मामा हायस्कुलात मास्तर होता, तोही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या सरकारी मराठी शाळांत शिकलेली ती सगळी पिढी, वाचता येत होतं बहुतेकांना. पण ‘तुम्हाला येतं ना वाचायला, मग आपापलं वाचा’ असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती. अध्याय संपला की मामा पोथी कपड्यात गुंडाळायचा, आणि उद्या भीमाचं काय होणार यावर विहिरीवर चर्चा.

ही काही फक्त आमच्या देवळा-घरांतलीच तऱ्हा नव्हे. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापलं गेलं, आणि ते चर्चमधून मोठ्याने वाचलं जायचं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही या मातीतली जुनी सवय आहे. ती आपण पोरांच्या बाबतीतच सहा वर्षांवर का तोडतो, कळत नाही.

पुन्हा सुरुवात कशी झाली, तर लाईट गेली म्हणून. गेल्या जुलैत. पाऊस असा की पाववाल्या पोदेराच्या भोंग्याचा पोंपों ऐकू आला नाही आणि संध्याकाळचे पाव राहून गेले. इन्व्हर्टर बसला, मोबाईल बसले, टीव्हीचा प्रश्नच नाही. धाकटा पाच वर्षांचा, अंधाराला घाबरतो. त्याला गप्प करायला टॉर्च लावून एक चित्रांचं पुस्तक वाचायला घेतलं. थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी, आपल्याला काही घेणंदेणं नाही असा चेहरा करून. मी जरा कंटाळलो होतो, दोन पानं एकदम उलटली. अंधारातून आवाज आला, ‘बाबा, तू मधलं सोडलंस.’

पुस्तक लहान मुलांचं होतं, ती तिसरीत. तरी तिला ते पाठ होतं. चौथ्या वर्षी मीच वाचून दाखवलेलं.

त्या रात्रीपासून आमच्याकडे दोन पाळ्या असतात. आधी धाकट्याचं चित्रांचं, मग थोरलीचं जाड. धाकट्याच्या पुस्तकात वाचण्यासारखं थोडं आणि बघण्यासारखं फार. एक पुस्तक मी वीसेक वेळा तरी वाचलं असेल. परवा त्याने बोट ठेवून दाखवलं, की प्रत्येक पानावर कुठेतरी एक पाल आहे. कौलावर, हंड्यामागे, एका ठिकाणी तर म्हातारीच्या लुगड्याच्या काठावर. गोष्टीत पालीचा उल्लेखही नाही. मी अक्षरांतून पुढे सरकत होतो आणि हे पोरगं माझ्या शेजारी बसून रोज पाल शोधत होतं. म्हणून आता पान उलटायचा अधिकार त्याच्याकडे दिला आहे. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

थोरलीच्या पुस्तकांची अडचण निराळी. मराठीतली मुलांची चांगली पुस्तकं बरीचशी पुण्या-मुंबईकडची. त्यांत चौसोपी वाडा असतो, टेकडी असते, थंडीत शेकोटी असते. आमच्याकडे शेकोटीला बसलं तर घाम येईल. असं एक साहसाचं पुस्तक चाललं होतं, चांगलं रंगात आलेलं. मुलं चोराच्या मागावर, वाटेत आत्याकडे जेवण, मग मावशीकडे जेवण. कुठे पिठलं-भाकरी, कुठे थालीपीठ. चौथ्या दिवशी तिने विचारलं, ‘बाबा, ह्यांच्याकडे रोज सोमवारच असतो काय?’

बाहेरचे जे वाचत असतील त्यांच्यासाठी: गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत सोमवारी नुस्तं, म्हणजे मासळी, नसतं. मी इतका हसलो की त्या रात्री पुढचं वाचन झालं नाही. पण प्रश्न खरा आहे. लाल माती, खाडीकाठची खाजन शेती, खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशी, शिगमो, पहाटेचा पोदेर, हे असलेलं मराठी पुस्तक मुलांसाठी शोधायला गेलं की हात रिकामे येतात. इथे मराठीत लिहिणारे भरपूर आहेत. कवितासंग्रहाची प्रकाशनं तर रविवारी दोन-दोन असतात. त्यातल्या चौघांनी जरी एक वर्ष कविता थांबवून पोरांसाठी गोष्ट लिहिली तर आमच्या घरी गिऱ्हाईक तयार आहे. (रागावू नका. एक संग्रह माझाही आहे.)

पुस्तकं महाग आहेत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण फुकटची आधी संपवा. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीही आहे आणि कोंकणीही. स्क्रीनवर वाचायला मला आवडत नाही, धाकट्याचं बोट लागून पान भलतीकडे जातं, पण नाही त्यापेक्षा बरं. आणि पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, मुलांच्या वेगळ्या विभागासकट. १८३२ ची संस्था. महिन्यातून एका शनिवारी बाणस्तारीवरून बस धरून आम्ही तिघं जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरलीने पाटी वाचून विचारलं, कृष्णदास शामा कोण? म्हटलं, केळशीचे, सोळाव्या शतकातले, कृष्णाच्या चरित्रावर मराठीत ओव्या लिहिणारे. ‘म्हणजे पोथीवाले?’ हो, पोथीवालेच. तिला ते पटलं. लायब्ररीला पोथीवाल्याचं नाव असणं तिच्या हिशोबाने बरोबरच होतं.

वाचताना मी दोन गोष्टी करत नाही. अवघड शब्द आला तर कोंकणीत किंवा इंग्रजीत उलथा करून सांगत नाही, तिने विचारल्याशिवाय. ‘हताश’ म्हणजे काय हे तिला त्या माणसाच्या पडलेल्या खांद्यांवरून कळलं, मी मध्ये पडलो असतो तर एक अर्थ मिळाला असता आणि खांदे निसटले असते. दुसरं, गोष्ट संपल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ विचारत नाही. पूर्वी विचारायचो. धाकट्याचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘खोटं बोलू नये.’ गोष्ट कुठलीही असो.

वेळेचं विचाराल, तर वेळ नसतो. ऑफिसातून सहाला सुटतो, मार्चअखेरीला तर आठ वाजतात. थकवा असतो. वाचता वाचता डोळे मिटतात आणि तोंड चालूच राहतं, हे बायकोने मला सांगितलं. मार्चमधलीच गोष्ट. राक्षसाने राजकन्येला गुहेत कोंडलेलं, राजपुत्र दाराशी येऊन ओरडतो असा प्रसंग. मी म्हणे अगदी खणखणीत आवाजात वाचलं, ‘हे दुष्टा, राजकन्येला सोड, नाहीतर सदर बिल त्रुटीसह परत पाठवण्यात येईल.’

मी झोपलो. पोरं अर्धा तास हसत होती म्हणे.

आता घरात कोणी कोणाचं ऐकलं नाही की हेच वाक्य येतं. काल धाकट्याने भाजी खायला नकार दिला, थोरलीने कमरेवर हात ठेवून त्याला बजावलं, बिल त्रुटीसह परत पाठवण्यात येईल. त्याने मला विचारलं, ‘बाबा, त्रुटी म्हणजे राक्षसाची बायको काय?’