"पैसे थेट खात्यावर येतात, आता गट कशाला?" या फिरत्या मजकुराला उत्तर

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे, पण म्हणणं एकच. बचत गट आणि सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबणं, ही गरिबीच्या काळातली सोय होती. आता लाडक्या बहिणीचे पैसे थेट खात्यावर येतात, कर्ज मोबाईलवर मिळतं, मजूर फोनवर मिळतो. गटाच्या कर्जापायी बाया गाव सोडून गेल्या. गटात भांडणंच होतात, गट एकाच भावकीचे असतात. आणि दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला साखर कारखान्यावर, तिथे कसला गट? ज्याने त्याने आपलं बघावं.

चालू गटातून नाव काढून घ्यायला एक दिवस लागतो. मोडलेला गट परत उभा करायला वर्षं जातात. म्हणून यातलं एकेक म्हणणं तपासू.

"पैसे थेट खात्यावर येतात"

येतात, आणि ते चांगलंच आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. पात्र बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण पैसे सगळ्यांना सारखे येतात, अडचण सगळ्यांना सारखी आणि एकाच वेळी येत नाही. बारा जणींच्या खात्यावर मिळून महिन्याला १८,००० जमा होतात, तरी एकीचं लेकरू दवाखान्यात असेल आणि ८,००० लागत असतील, तर तिच्या हातात तिचे १,५००च.

त्याच बारा जणींनी महिन्याला २०० टाकले तर २,४०० होतात, दहा महिन्यांत २४,०००. ज्या महिन्यात जिला लागतात त्या महिन्यात तिला ८,००० उचलता येतात, तेही संध्याकाळच्या एका बैठकीत, कोणाच्या दारात न जाता.

व्याजाचा हिशेब तर मांडूनच बघा. सावकाराचे १०,००० महिना शेकडा ५ ने घेतले आणि मुद्दल दहा महिन्यांनी एकदम दिलं, तर व्याज ५,०००. गटाचे १०,००० महिना शेकडा २ ने घेतले, महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर शिल्लक घटत जाते: पहिल्या महिन्याचं व्याज २००, दुसऱ्याचं १८०, शेवटच्याचं २०. एकूण १,१००. आणि हे १,१०० गटाच्याच निधीत पडतात, त्यात तिचाही वाटा असतो.

त्यापुढे बँक आहे. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांवर गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला, तिथून ही वाट निघाली. आज 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यात जे जास्त असेल ते देण्याचे निर्देश बँकांना आहेत. ३ लाखांपर्यंत व्याज वर्षाला ७ टक्के आणि १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. एकट्या बाईला, जिच्या नावावर सातबारा नाही, विनातारण कर्ज या दराने कोणती बँक देते?

"कर्ज मोबाईलवर मिळतं"

मिळतं, पण किती हातात पडतं आणि किती फेडायचं ते आधी पाहा. झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपची रीत ठरलेली आहे. 'प्रक्रिया शुल्क' आधीच कापून घ्यायचं, मुदत काही दिवसांची ठेवायची, आणि फोनमधले नंबर-फोटो ताब्यात घेऊन हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन लावायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढले: पैसे थेट कर्जदाराच्या खात्यावरच आले पाहिजेत, एकूण वार्षिक खर्च आधी सांगितला पाहिजे, फोनमधली नंबरांची यादी उघडता कामा नये. जे ॲप ती यादी मागतं ते तिथेच काढून टाकावं.

"गटाच्या कर्जापायी बाया गाव सोडून गेल्या"

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या आहेत.

गावात ज्याला 'गटाचं कर्ज' म्हणतात ते बहुतेक वेळा खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचं असतं. कंपनीचा माणूस गल्लीत येतो, आधार कार्डं गोळा करतो, चार-पाच जणींना एकमेकींसाठी जबाबदार धरतो आणि आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता लावतो. त्या गटाची स्वतःची बचत नसते, वही नसते, व्याज बाहेर जातं, आणि कोणाला किती द्यायचं हे बायका ठरवत नाहीत. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना दारात बसवून ठेवतात. एका घरावर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते चढले की जुना फेडायला नवा घेतला जातो, आणि मग घराला कुलूप लागतं. हा जाच खरा आहे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला आलेल्या माणसाला हा नियम सांगण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

बचत गट ओळखायची खूण सोपी आहे. आधी बचत, मग कर्ज. वही सदस्यांच्या ताब्यात. व्याज गटातच राहतं. या तीनपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर तो बचत गट नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

"गटात भांडणंच होतात"

होतात. पण भांडण बायकांच्या स्वभावातून निघतं असं म्हणणं चूक आहे. मोडलेल्या गटांच्या वह्या उघडल्या की कारणं तीच ती दिसतात.

पहिलं कारण: वही, पेटी आणि चावी एकाच घरात. अध्यक्ष आणि सचिव एकमेकींच्या जावा असतात, बाकीच्या फक्त सह्या करतात. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे, वही तिसरीकडे हवी. बँकेत तिघींच्या सह्यांचे नमुने द्यावेत, त्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील असा ठराव करावा, आणि या तिघी एका घरातल्या नसाव्यात. पदं दोन-तीन वर्षांनी बदलावीत.

दुसरं: बँकेचं कर्ज समान वाटून घेणं. दीड लाख आले, बारा जणी, प्रत्येकीला १२,५००. वरून न्यायाचं वाटतं, पण इथेच गट बुडतो. जिला म्हशीसाठी ४०,००० हवे होते ती उरलेल्यासाठी सावकाराकडे जातेच. जिला गरज नव्हती तिचे १२,५०० दिराच्या मोटारसायकलीत जातात आणि हप्ता कशातून फेडायचा हे कोणालाच माहीत नसतं. अर्ज करण्याआधीच प्रत्येकीने सांगायला हवं: कशासाठी, किती, आणि फेड कुठून येणार. ते वहीत लिहायचं आणि त्याप्रमाणेच वाटायचं.

तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात घातक आहे, ते म्हणजे त्याच बैठकीत रोख न मोजणं. क्रम असा हवा: हजेरी, मागच्या इतिवृत्ताचं वाचन, बचत, परतफेड, दंड, कर्जाची मागणी, निर्णय, वाटप, रोख मोजणी, सह्या. मोजणी सगळ्यांसमोर, सतरंजीच्या मधोमध.

उदाहरण घ्या. मागची रोख शिल्लक ६४०. अकरा जणी हजर, बचत २,२००. मुद्दल ३,०००, व्याज ४२०, उशिरा आलेल्या एकीचा दंड १०. जमा ६,२७०. एकीला ५,००० कर्ज दिलं. वही म्हणते १,२७० उरले पाहिजेत; पेटीत १,२५० आहेत. वीस रुपये कमी. आता प्रत्येकीचं पासबुक रोखकीर्दीशी, म्हणजे रोख जमा-खर्चाच्या वहीशी, ताडून पाहायचं. पाचव्या-सहाव्या पासबुकात सापडतं: एकीचं कर्ज मागच्या महिन्यात ८,००० होतं, या महिन्यात ७,०००. तिने १४० व्याज दिलं, पासबुकात १४० आहे, पण रोखकीर्दीत जुन्याच शिल्लकीवर १६० लिहिले गेले. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, दोघींच्या सह्या. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. दहा मिनिटांचं काम. हेच वीस रुपये सहा महिन्यांनी निघाले असते, तर कोणाच्या व्याजाचे ते कोणालाच आठवलं नसतं आणि 'सचिवाने खाल्ले' ही बातमी गावभर झाली असती.

गट साधारण १० ते २० जणींचा असतो, त्याचाही इथे उपयोग होतो. वीसची मर्यादा जुन्या कंपनी कायद्यातून आली: त्याहून मोठ्या, नफ्यासाठी एकत्र आलेल्या मंडळींना नोंदणी लागायची. पण व्यवहारातही तीच योग्य आहे, कारण याहून मोठ्या गोलात मागच्या रांगेला आकडे ऐकू जात नाहीत.

"मजूर फोनवर मिळतो"

इतर वेळी मिळेलही. सोयाबीन काढणीला आलं की सगळ्या शिवाराला एकाच आठवड्यात माणसं हवी असतात. गुत्तेदार आधी मोठ्या रानाला जातो, कारण तिथे एका जागी चार दिवसांचं काम आहे. दोन एकरवाला थांबतो. वाळलेल्या शेंगा तडकून दाणे मातीत जातात, आणि वर परतीचा पाऊस आला तर उभ्या पिकाला मोड फुटतात.

सावड याच आठवड्यासाठी असते. चार-पाच घरं, दिवसाला दिवस आणि माणसाला माणूस. ज्याचं पीक आधी पेरलं त्याची पाळी आधी. सावड मोडते ती रान असमान असलं की: दहा एकरवाल्याकडे दोन एकरवाल्याने पाच दिवस राबायचं आणि परत एकच दिवस यायचा. म्हणून सारख्या रानाची घरं धरावीत, नाहीतर जास्तीच्या दिवसांची मजुरी चालू भावाने शेवटी रोखीत चुकती करावी. दिवसांची नोंद ठेवावी. तोंडी हिशेब पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

"गट एकाच भावकीचे असतात"

बऱ्याच गावांत हे खरं आहे, आणि ते लपवून काही साधत नाही. गट गल्लीत बनतो आणि आपल्याकडे गल्ल्या जातीवर वसलेल्या आहेत. यावरचं उत्तर गटाच्या वरच्या पायरीत आहे. गावातल्या सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ, आणि अनेक ग्रामसंघांचा प्रभागसंघ. ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येक गटाच्या प्रतिनिधी येतात, आणि समुदाय गुंतवणूक निधी, म्हणजे गटांना कर्जाने द्यायला अभियानाकडून आलेला पैसा, कोणत्या गटाला आधी द्यायचा हे तिथे ठरतं. ही बैठक कुठे होते हे नीट पाहायला हवं. कायम पाटलाच्या वाड्यात होत असेल तर वस्तीवरच्या बायका दाराशीच बसतील. शाळा, अंगणवाडी किंवा पाळीपाळीने प्रत्येक गल्ली, असं ठिकाण ठरवून तसा ठराव लिहावा.

आणि भावकीने ज्यांना बाजूला ठेवलं त्यांचं काय? विधवा, नवऱ्याने टाकलेली, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई. तिला हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. गटाच्या हजेरीत तिचं नाव वाचलं जातं, तिची सही लागते, कर्जाच्या निर्णयात तिचं मत मोजलं जातं. सासरच्यांनी नाव लावू दिलं नाही तर वारसाच्या फेरफारासाठी किंवा वेगळ्या रेशनकार्डासाठी ती एकटी तहसीलला गेली की तिला 'उद्या या' म्हणतात. चौघी सोबत असल्या की अर्जाची पोच मिळते. ही सोबत कोणतीही योजना खात्यावर जमा करू शकत नाही.

"ज्याने त्याने आपलं बघावं"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात हे कोणाला जमलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर ज्या शेकडो गावांत घरमालकानेच घर दुरुस्त आणि बळकट करून घ्यायचं होतं, तिथे गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं गेलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांना त्या कामाशी जोडलं. हप्ता कधी मिळतो, घर बळकट कसं करायचं, इंजिनिअर का आला नाही, हे त्या घरोघर सांगत आणि वर विचारत. त्यातलीच कितीतरी मंडळं पुढे बचत आणि शेतीच्या कामाला लागली.

"दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर, तिथे कसला गट?"

कारखान्यावरही गट असतोच. त्याला टोळी म्हणतात. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोचा एक कोयता, असे दहा-वीस कोयते, वर मुकादम. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, तो देतो, टनाचा हिशेब तो लिहितो, खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, तो लावतो. वही त्याची, म्हणून हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि का फिटली नाही हे विचारायला कागद नसतो. बाई तापाने तळावरच्या झोपडीत, कोपीत, पडली तरी खाड्याच्या भीतीने फडात जाते. ज्या घरावर अशी वही चालते, त्याच घराला स्वतःच्या वहीची गरज सगळ्यात जास्त आहे.

स्थलांतर करणाऱ्या गटाला आधीच तयारी करावी लागते. दसऱ्याच्या आसपास एक बैठक घ्यावी. सहा महिन्यांची बचत, २०० प्रमाणे १,२००, उचल हातात येताच आगाऊ भरावी किंवा परत आल्यावर एकरकमी भरण्याचा ठराव लिहावा. नवी मोठी कर्जं पावसाळ्यात द्यावीत आणि दसऱ्याआधी मिटतील एवढ्या मुदतीची द्यावीत. जी राहतील त्यांच्यावर हंगामात फक्त व्याज घ्यावं. सह्यांच्या तिघींपैकी किमान दोघी गावात राहणाऱ्या असाव्यात, नाहीतर ऐन अडचणीत बँकेतून पैसे निघत नाहीत. फोनवरून भरलेली रक्कम गटाच्याच खात्यावर जावी, सचिवाच्या नाही, आणि तिची तारीख व रक्कम पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचावी. एकाच तळावर चार-पाच जणी असतील तर महिन्यातून एकदा कोपीसमोर बसावं आणि आपण किती टन तोडले ते स्वतःच्या वहीत लिहावं. हंगाम उठताना मुकादमाच्या वहीशेजारी ठेवायला तीच वही लागते.