पाचवीनंतर मराठीत काय वाचायचं?

आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. इथे इंग्लंडात, स्विंडनला गोदामातली रात्रपाळी संपवून मी घरी येते, चहा ठेवते आणि रात्रभर साचलेले दीडशे मेसेज वाचते. निमित्त भाचीचं. चौदा वर्षांची आहे. शाळकरी पोरंच खुनाचा छडा लावतात असल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या वाचते, आणि चेटकिणीच्या बाजूने नव्याने सांगितलेल्या परीकथा. वाचून झालेली चार पुस्तकं तिने गावच्या वाचनालयाला द्यायला नेली, तर समितीने परत पाठवली. मुलांवर काय संस्कार होणार म्हणे! दादाला समितीचंच पटलंय. शिवाय त्याचं वेगळं दुखणं आहेच: पोरगी मराठी सोडून हे वाचते.

संस्कारांचं मला फारसं पटत नाही. दादा, जत्रेतला दशावतारी काला आठव. संकासुर म्हणजे वेद चोरणारा राक्षस. पण आपण पोरं पेंगत का होईना जागायचो ते त्याच्यासाठीच. काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि बोलणं आपल्या वाड्यावरचं, म्हणजे वस्तीतलं, पंचांची टर उडवणारं. देवळाच्या मांडावर राक्षसाला असा भाव देणाऱ्या गावाने चेटकिणीला उंबऱ्यावर अडवावं? आणि परीकथा तरी मुळात होत्या तशा कुठे राहिल्या? ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. लोकांना ते झेपेना, म्हणून पुढे तिची सावत्र आई झाली. म्हणजे गोष्ट फिरवायला त्या भावांनीच सुरुवात केलेली.

भाषेचं दुखणं मात्र खरं आहे, फक्त दादा बोट ठेवतो ते चुकीच्या जागी. आपल्याकडे घरात कोंकणी, सकाळी पेपर मराठी. सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी, आणि पाचवीत पाऊल टाकलं की सगळे विषय इंग्रजीत. मराठी उरते एका तासापुरती, गुणांपुरती. मूल जेव्हा आपण होऊन जाडं पुस्तक हातात धरायला लागतं, नेमक्या त्याच वयात. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्यावरून केवढं रान उठलं होतं. दादाही मोर्चात होता. तो वाद पहिली ते चौथीचा. पाचवीनंतर त्या पोरांनी मराठीत मजा म्हणून काय वाचायचं, हे त्या मोर्चात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. चिऊचं घर मेणाचं इथून जी उडी मारायची ती थेट थोरांच्या चरित्रांवर. मधे फळी नाही.

इथल्या लायब्ररीत ती फळी आहे. टीनएजर्सचं वेगळं कपाट, समोर बसायला मळकट गाद्या, आणि पोराने काय उचललं यावर काउंटरवरची बाई भुवईसुद्धा हलवत नाही. अर्थात इथे सगळं आलबेल आहे असं नाही. ब्रिटनमध्ये २०१० नंतर शेकडो शाखा बंद झाल्या, कित्येक स्वयंसेवकांच्या गळ्यात पडल्या.

गंमत म्हणजे भाची वाचते त्या खुनांची गावं इंग्लंडातलीच. मला विचारते, ‘आते, तुमच्याकडे खरंच सगळे खिडकीतून बघत असतात?’ कसलं काय! माझा शेजारी ‘ऑल राइट?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसतो. इथे माझा खून झाला तर गोदामाच्या हजेरीवरून कळेल. साक्षीदार हवेत तर आपल्या वाड्यावर या. कोण किती वाजता कुणाच्या स्कूटरवरून उतरलं, हे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजायच्या आत सगळ्यांना ठाऊक असतं. आणि खुनाला कारण? पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवराबायकोचा मालमत्तेत निम्मानिम्मा वाटा. मुलांचा हक्क सहजासहजी डावलता येत नाही. घर विकायचं तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटणीचं कोर्टातलं प्रकरण काढा, सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करा. एक वारस लिस्बनला, एक स्विंडनला, एकाचा पत्ताच नाही. तोवर घराला कुलूप, अंगणात रान. असल्या घरासमोरून भाची रोज शाळेत जाते. त्यातलं एक माझंच आहे. मराठीत रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

हे मी ग्रुपवर लिहिलं तर दादाने एका ओळीत मला गप्प केलं: ‘तुझी पोरगी काय वाचते मराठीत?’ काहीच नाही. माझ्या मुलीच्या उशाशी सातआठ पुस्तकं असतात, पण देवनागरीत तिला स्वतःचं नाव तेवढं लिहिता येतं, तेही वरची रेघ विसरून. भाची निदान मराठी पेपरातलं शब्दकोडं सोडवते. त्यामुळे या वादात माझं पारडं हलकं आहे, हे मान्य.

समितीने पुस्तकं अजून घेतलेली नाहीत. ती सध्या दादाच्याच टेबलावर आहेत आणि वहिनी म्हणते, एक उघडं, पालथं घातलेलं दिसलं. काल भाचीचा फोन आला, कुजबुजत.

‘आते, तुमच्या बंद घराच्या मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?’

‘का गं?’

‘अशीच. आणि मागच्या बाजूने विहिरीकडे जाता येतं ना अजून?’