जिवतीच्या शुक्रवारी ट्रॅफिक तुंबत नाही

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज आला, "आपले सण आता राहिलेच नाहीत." काका तेव्हा ठाण्यात टेंभी नाक्याच्या हंडीपायी तासभर रिक्षात अडकलेले होते.

अहो, रस्त्यावर उतरलेले सण कुठे गेलेत? टेंभी नाक्याची हंडी आणि देवी आहे, पाडव्याची स्वागतयात्रा आहे, दिवाळी पहाटेला तलावपाळीवर नवे कपडे घालून फिरणारी कॉलेजची पोरं आहेत. (आम्हीही कौपिनेश्वराच्या दर्शनाला म्हणूनच निघायचो. दर्शन कुणाचं व्हायचं ते सोडा.) गेले ते दुपारचे सण. त्यांना मंडप नको, वर्गणी नको, घरातल्या बाईची एक अख्खी दुपार तेवढी लागायची.

आषाढ अमावास्या घ्या. नौपाड्यातल्या आमच्या घरी ती दिव्यांची अवस होती. समया, निरांजनं घासून पाटावर मांडायची, कणकेचे गोड दिवे उकडून तुपाशी खायचे. आता तिला सगळे गटारी म्हणतात. मटण आमच्याकडेही शिजतं, तक्रार नाही.

त्याच दिवशी आई देवघराशेजारी जिवतीचा, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या देवीचा, चित्रांचा कागद चिकटवायची. वर नरसिंह, मग कालियामर्दन, मग मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, तळाला हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. मला वाघच आवडायचा. श्रावणातल्या दर शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, पुरण आणि आम्हा भावंडांना ओवाळणं. दादा नोकरीला नागपूरला गेला, तेव्हापासून आई त्याच्या वाटच्या अक्षता चारी दिशांना टाकायची.

लग्नानंतर सात-आठ वर्षं मीही केलं सगळं. मग सकाळची 8.11 की पुरण, असा प्रश्न आला आणि मी लोकल पकडली. खरं सांगू? हायसं वाटलं. हरतालिकेचा निर्जळी उपास सोडला तेव्हाही वाटलं होतं.

म्हणून "बायकांनी परंपरा सोडल्या" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ढोलपथकात नाव नोंदवायला घरटी एक पोरगा तयार असतो, पुरण वाटायला एकही नाही. 2023 ला अधिक श्रावण आला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी तोकडं, म्हणून अडीच-तीन वर्षांनी असा जास्तीचा महिना घालतात. तेव्हा याच ग्रुपवर जिवती अधिकात पुजायची की निजात, म्हणजे नेहमीच्या श्रावणात, यावर दोन दिवस वाद चालला. वाद घालणारे सगळे पुरुष. पुजणार कोण, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी मुलगा बंगळुरूला गेला. श्रावणातल्या एका शुक्रवारी ऑफिसातून येताना जांभळी नाक्यावर फुलवाल्या मावशींकडे जिवतीचा कागद दिसला, घेतला. पुरण नाही, पेढे. माळ नाही. मुठीत अक्षता घेतल्या आणि अडले, आमची बाल्कनी एकाच दिशेला उघडते. शेवटी हॉलमध्ये उभी राहून मोबाइलवर होकायंत्र लावलं. बंगळुरू आमच्या फ्रिजच्या बाजूला येतं.

दुसऱ्या दिवशी केर काढताना नवरा विचारत होता, फ्रिजखाली हे तांदूळ कुठून आले.