‘पगारी प्रचारक, घरी फोन बंद, आठवड्याला एक सुट्टी’: मॉर्मन मिशनऱ्यांबद्दलच्या त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या दोन तरुणांच्या फोटोखाली एक मजकूर मराठी ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: “मॉर्मन पंथ अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना पगार देऊन दोन वर्षं परदेशी पाठवतो. घरी फोन करायला बंदी. सकाळपासून रात्रीपर्यंत दारं ठोठावायची. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, त्या दिवशी पर्यटन. ठरलेले बाप्तिस्मे झाले नाहीत तर शिक्षा. आणि मध्येच सोडून यायची सोय नाही.”

यातलं एक वाक्य २०१९ पर्यंत बरंचसं खरं होतं, दोनांत तथ्याचा अंश आहे, बाकीची साफ चुकीची आहेत. धर्मप्रसाराबद्दल कुणी काय मत ठेवावं हा वेगळा विषय. पण विरोध करायचा तर तोही खऱ्या माहितीवर उभा असावा, आणि घरापासून हजारो मैल लांब असलेल्या कोवळ्या पोरांबद्दल बोलताना तर जास्तच.

आधी नाव. पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. ‘मॉर्मन’ म्हणू नका, अशी विनंती तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केली. वाचकाला चटकन ओळख पटावी म्हणूनच इथे तो शब्द ठेवला आहे.

“पगार देऊन पाठवतात”

उलट आहे. पैसे मुलगा किंवा त्याचं घर भरतं. मुलगे २४ महिने जातात, मुली १८ महिने, आणि तितके महिने घरून चर्चकडे ठरावीक रक्कम जाते. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ही रक्कम बरीच वर्षं महिन्याला ४०० डॉलर होती; २०२० पासून ती ५०० करणार असल्याची घोषणा २०१९ मध्ये झाली. पुष्कळ मुलं शाळेत असल्यापासून सुट्टीत कामं करून हे पैसे साठवतात. गरीब देशांतल्या मुलांनी झेपेल तेवढं द्यायचं, उरलेलं सामायिक निधीतून येतं.

सगळ्यांना सारखा आकडा हा नियम १९९१ पासूनचा. त्याआधी जिथे पाठवणी होई तिथला प्रत्यक्ष खर्च घराला उचलावा लागे, म्हणजे जपानला गेलेल्याच्या बापाचं कंबरडं मोडायचं आणि स्वस्त देशात गेलेल्याचं सहज निभायचं. आता भाडं मिशनच्या कार्यालयातून भरलं जातं. मुलाच्या हाती येते ती महिन्याची खर्ची: जेवण, बस, साबण, कपडे धुणं. ती कार्डावर जमा होते आणि महिनाअखेरीला हमखास संपत येते, कारण पहिल्या पंधरवड्यात बाहेरचं खाणं जास्त होतं. तांदूळ, अंडी, डाळ-कडधान्य किंवा पास्ता महिन्याच्या सुरुवातीलाच भरून ठेवणाऱ्याची ओढाताण होत नाही. याला पगार म्हणता येणार नाही.

कुठे जायचं हेही मुलगा ठरवत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक अध्यक्ष (स्टेक म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा गट) यांच्याकडून अर्ज वर जातो आणि नेमणूक सॉल्ट लेक सिटीहून येते. ब्राझील मिळेल, नाहीतर शेजारचं आयडाहो राज्य.

“घरी फोन करायला बंदी”

हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. १५ फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनच फोन: नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक पत्र, पुढे ईमेल. त्या तारखेला नियम बदलला. आता दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. फॉरवर्डमधली माहिती इतकी जुनी आहे.

खरी अडचण घड्याळाची असते. तयारीचा दिवस सहसा सोमवार. मनिलात सोमवारचे सकाळचे ९ वाजतात तेव्हा युटामध्ये हिवाळ्यात रविवारचे संध्याकाळचे ६ असतात: चर्च उरकून सगळं घर जेवायला जमलेलं, फोनला याहून चांगली वेळ नाही. जर्मनीत मात्र सोमवारी सकाळी ९ ला फोन लावला तर घरी रात्रीचा १ वाजलेला असतो. तिथल्या मुलाला दुपारी ३ पर्यंत थांबावं लागतं, आणि नेमकी तीच वेळ बाजारहाटाची. पहिल्या महिन्यात हे जुळवलं नाही की आई फोनची वाट बघत बसते आणि मुलगा दुकानातल्या रांगेत असतो.

आणखी एक गोष्ट अनुभवी लोक सांगतात: पहिल्या सहा-आठ आठवड्यांत लांबलचक कॉलने घरची ओढ वाढते. वेळ आधी ठरवून थोडक्यात बोलावं आणि आठवड्याचा सविस्तर वृत्तांत ईमेलमध्ये लिहावा, हे जास्त पेलतं. घरात मृत्यू, अपघात असं काही झालं तर सोमवारची वाट बघायची नसते. मिशन प्रेसिडेंटमार्फत (त्या भागातल्या सगळ्या मिशनऱ्यांचा प्रमुख) निरोप लगेच पोहोचवला जातो.

“सकाळपासून रात्रीपर्यंत दारं ठोठावायची”

दिवस लांब असतो हे खरं. नेहमीचं वेळापत्रक असं: साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ-न्याहारी, आठच्या सुमाराला अभ्यास (आधी एकट्याने, मग जोडीदाराबरोबर, परकी भाषा असेल तर तिचाही), दहाच्या आसपास बाहेर, रात्री नऊच्या सुमाराला परत, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा स्थानिक रीतीप्रमाणे थोड्या पुढेमागे करायची मुभा मिशन प्रेसिडेंटला आहे.

पण त्या अकरा तासांत अनोळखी दारं हा शेवटचा उपाय असतो. शंभर दारं वाजवून बोलायला तयार असलेला एखादाच भेटतो, हे या मुलांना आठवड्याभरात कळतं. म्हणून आधी स्थानिक सभासदांच्या ओळखी, मग इंटरनेटवरून आलेली चौकशी, फुकट इंग्रजीचे वर्ग, कुणाचं सामान हलवणं, बागकाम अशी मदत. यातलं काहीच नसेल तेव्हा दारं.

काम खरं बिघडतं ते ठरलेल्या भेटी रद्द झाल्याने. चारची वेळ दिलेला माणूस घरी नसतो, फोन उचलत नाही. म्हणून आठवड्याच्या नियोजनात (बहुधा गुरुवारी किंवा शुक्रवारी, काही तास बसून) प्रत्येक भेटीशेजारी दुसरा आणि तिसरा पर्याय लिहायचा, आणि तो त्याच गल्लीतला असावा. पर्याय शहराच्या दुसऱ्या टोकाला असला की दुपार बसमध्ये जाते. हे सगळं एका ॲपमध्ये नोंदतात; जुन्या काळी त्यासाठी जाडजूड फाइल असे. बदली झालेल्या मुलाने नोंदी अर्धवट ठेवल्या असतील, तर नवा मुलगा जाऊन त्याच माणसाला पुन्हा पहिल्यापासून तेच सांगतो आणि तो माणूस वैतागतो.

फॉरवर्ड ज्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही ते आमच्या मते सगळ्यांत अवघड आहे: जोडीदार. आंघोळ-शौच आणि प्रेसिडेंटबरोबरची मुलाखत अशा मोजक्या वेळा सोडल्या तर दोघांनी एकमेकांना दिसेल-ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहायचं. जोडीदार निवडता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. कुणी हलतं, कुणी राहतं. नव्या मुलाला पहिले १२ आठवडे शिकवणारा जोडीदार मिळतो. भांडणाची कारणं घरगुतीच: भांडी कोण घासणार, गजर किती वेळा वाजवायचा, एकाला पळत कामं उरकायची असतात आणि दुसऱ्याला दमाने. त्यावर उपाय म्हणून साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांच्या तक्रारी समोरासमोर बोलायच्या असतात. जे ही पाच मिनिटं टाळतात त्यांचं दोन आठवड्यांत बोलणंच बंद होतं.

परदेशातल्या मराठी घरांचं दारही ही जोडी कधी वाजवते, म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे. आग्रह करू नका, पाणी किंवा सरबत चालतं. आणि घरात बाई एकटी असेल तर मुलगे आत येत नाहीत, दारातच बोलतात किंवा नंतर येतात. तो त्यांचा नियम आहे, त्यात अपमान काही नाही. ‘नको’ असं स्पष्ट सांगितलेलं त्यांना बरं वाटतं. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं की ते नोंदवतात आणि खरोखर पुढच्या आठवड्यात येतात.

आपल्या मुलखाशी या मंडळींचा संबंध जुना आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५१ मध्ये मुंबईला उतरला, पुढे पुण्यात राहिला आणि मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही त्याने काढली. अनुयायी अगदी थोडे मिळाले.

“एक दिवस सुट्टी, त्या दिवशी पर्यटन”

त्या दिवसाचं नावच ‘तयारीचा दिवस’, मुलांच्या तोंडी ‘पी-डे’. तो संध्याकाळी सहाला संपतो आणि त्यानंतर नेहमीचं काम सुरू होतं. उठण्याची वेळही बहुधा तीच. म्हणजे हातात आठ-दहा तास आणि त्यात उरकायचं काय, तर आठवड्याचे कपडे, खोलीची झाडलोट, बाजार, केस कापणं, घरचा फोन, प्रेसिडेंटला साप्ताहिक पत्र आणि बाकीचे ईमेल.

क्रम चुकला की दिवस हातचा गेला. कपडे पहिले लावायचे, आणि मशीन फिरत असताना ईमेल लिहायचे. खोलीत मशीन नसेल तर नाणी टाकायच्या लाँड्रीत सोमवारी सकाळी लवकर गर्दी कमी असते. पांढरे शर्ट वेगळे. कॉलरला आणि काखेत घामाचे पिवळे डाग पडतात, तिथे धुण्याआधी साबण चोळून अर्धा तास ठेवावा लागतो. मोजे घोट्याचे नकोत, दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालताना टाच सोलते. बुटांच्या दोन जोड्या आलटून पालटून घातल्या की दोन्ही जास्त टिकतात, कारण घामाने ओला झालेला बूट सुकायला एक दिवस लागतो. स्वयंपाक न येणारी मुलं बाजारातून गोठवलेलं अन्न आणतात. ज्याला भात, अंडी आणि एक भाजी करता येते त्याचे पैसे आणि पोट दोन्ही नीट राहतात.

यातून दोनेक तास वाचले तर जवळपासच्या मिशनऱ्यांबरोबर बास्केटबॉल, नाहीतर शहरातलं एखादं संग्रहालय. पण आपल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय जाता येत नाही. शहरातलं प्रसिद्ध ठिकाण दुसऱ्या जोडीच्या हद्दीत असेल तर महिनोन्‌महिने बघायला मिळत नाही. पोहायला मनाई आहे, समुद्रकाठच्या गावी नेमलेल्यालासुद्धा. सोमवारी दुपारी अनेक मुलं चक्क झोपतात, आणि त्यांना झोपेचीच गरज असते.

रविवारही विश्रांतीचा नाही. प्रार्थनासभा २०१९ पासून तीनऐवजी दोन तासांची झाली, पण ज्यांना बोलावलंय ते येताहेत का हे बघत ही जोडी आधीपासून दारात उभी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास.

“ठरलेले बाप्तिस्मे झाले नाहीत तर शिक्षा”

आकडे मोजतात हे खरं. दर आठवड्याला नवे किती लोक शिकायला तयार झाले, सभेला किती आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली, किती जणांचा झाला, हे वर कळवायचं असतं. पूर्वी अशी नऊ मोजमापं होती. २०१७ मध्ये ती चारवर आणली. उद्दिष्ट जोडीने स्वतः ठरवायचं. न गाठल्यास शिक्षा अशी काही तरतूद नाही.

पण दडपण नसतं असं म्हणणं खोटं ठरेल. रविवारी रात्री सलग चार आठवडे शून्य कळवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी रागावायची गरज पडत नाही, तो स्वतःलाच खातो. आकड्यांच्या हव्यासाने चर्चचं स्वतःचं नुकसानही झालेलं आहे: १९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये बेसबॉल खेळायला येणाऱ्या पोरांचे घाईघाईने बाप्तिस्मे उरकले गेले, आणि त्यातल्या अनेकांची नावं पुढे यादीतून काढावी लागली. आज बाप्तिस्म्याआधी मुलाखत होते आणि ती शिकवणाऱ्या जोडीने घ्यायची नसते. दारू, तंबाखू, चहा-कॉफी सोडली का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची तयारी आहे का, हे विचारलं जातं. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती लागते.

“मध्येच सोडून यायची सोय नाही”

करारपत्र नसतं. आजारपण, दुखापत, नैराश्य, किंवा नुसतं ‘आता जमत नाही’ या कारणानेही मुलं परततात. आधी मिशन प्रेसिडेंटशी बोलणं होतं; समुपदेशन, जोडीदार किंवा गाव बदलणं असे उपाय करून बघतात. घरी राहून सेवाकार्य करत उरलेले महिने पूर्ण करण्याचा मार्गही आहे.

अडवतं ते गाव. युटातल्या ज्या वस्तीत निम्मी घरं याच पंथाची आहेत तिथे आठ महिन्यांत परतलेल्या मुलाला दुकानात, सभेत, लग्नात एकच प्रश्न येतो: इतक्या लवकर कसा? त्या प्रश्नाच्या धास्तीने काही जण आजार अंगावर काढतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती तर ती इथे लागू पडली असती. नियमाच्या बाजूने बघितलं तर लवकर आलेल्याची आणि दोन वर्षं पुरी करून आलेल्याची मोकळीक सारखीच होते: विमानतळावरून घरी, मग स्टेक अध्यक्षाची भेट, आणि त्याने सेवा संपल्याचं सांगितलं की काळी पट्टी शर्टावरून काढायची.