अर्धा ग्लास

काल संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, जिथं समोरच म्हशीची धार काढून देतात, मी पूर्ण ग्लासाचे पैसे दिले आणि अर्धा ग्लास दूध घेतलं. त्यातही वर फेस. म्हणजे पावच म्हणा.

कारण झांज. गल्लीच्या झांजपथकाची रविवारी निवड आहे आणि वयाच्या ४३व्या वर्षी मला त्यात उतरायची हुक्की आलीय. घरात वाजवायला बंदी, म्हणून पहाटे पंचगंगा घाट गाठतो. दोन झांजा सपाट आदळल्या की मधे हवा कोंडते आणि ‘झण्ण’च्या जागी ‘फुस्स’ येतं. तांब्यात कथील घालून केलेलं खणखणीत कासं, आणि त्यातून मी पंक्चरचा आवाज काढतो! पथकातलं एक पोरगं शिकवतं, “काका, तिरकी धरा. आधी एक कड लागू दे.” वाजवून झाल्यावर झांज अंगाशी दाबून आवाज मारायचा असतो म्हणे. माझा आधीच मेलेला असतो.

तर कट्ट्यावर ग्लास मागितला. धार काढणाऱ्या मामांनी मान वर केली. “घाटावर वाजवत हुता ते तुमीच न्हवं?”

मला वाटलं, कौतुक. “होय,” म्हणालो. जरा लाजलोही.

“मग अर्धाच मिळंल. उरल्यालं तुमच्या झांजंनं पिलं.”

सकाळी ही म्हैस नदीत डुंबत होती म्हणे. माझ्यामुळं बिचकली आणि आता पान्हा चोरतीय. बिचकलेली म्हैस पान्हा चोरते हे मलाही ठाऊक आहे, माझं आजोळ कागलचं. पण सकाळचा राग संध्याकाळपर्यंत?

“म्हस हाय ती. ध्यानात ठेवती.”

“आणि दिवाळीच्या पाडव्याला हिला सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं पळवता, तेव्हा बिचकत नाही?”

“त्यो आवाज एकसारखा असतोय. तुमचं एकदा झण्ण, एकदा फुस्स. भ्यायचं का हसायचं, तिला कळंना झालंय.”

ग्लास घेऊन उभे असलेले सगळे हसले. एकजण तर फेसाच्या मिशीसकट.

गणपतीत डॉल्बीच्या भिंती जातात तेव्हा आमच्या खिडक्या थरथरतात, आईला कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसवावं लागतं. तेव्हा कुठल्या म्हशीचा हिशेब कुणी मागितला? मंडळाला कोण बोलणार! वर्गणीची पावती आपण मुकाट घेतो. एकटा माणूस झांज घेऊन सापडला की मात्र सगळ्यांना म्हशीची दया येते. हे सगळं तिथंच सुनवायला हवं होतं. तोंडातून निघालं काय, तर “मामा, जरा वरपर्यंत भरा की.”

“एकदा नीट वाजवून दावा, भरतो.”

झांज पिशवीत होतीच. काढली, तिरकी धरली, कड लावली.

फुस्स.

मामांनी काही न बोलता बादली उचलली आणि माझ्यापासून चार हात लांब ठेवली.