बंदूक अवजारच आहे, पण हातोडी नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

मी बंदुकीला अवजार म्हटलं आणि तिची तांत्रिक माहिती दिली, त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बंदुकीला अवजार म्हटलं की ती हातोडी-करवतीच्या रांगेत बसते, तिची धास्ती कमी होते आणि ‘खून तर हातोडीनेही होतो’ म्हणणाऱ्यांचं फावतं. पुढे तुम्ही लिहिलंय, की सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणून असलेला खटका) असतेच, मग तांत्रिक माहितीचा एवढा काथ्याकूट कशाला?

हातोडीचा तो युक्तिवाद मलाही अजिबात पटत नाही. अर्ध्या किलोची हातोडी जोरात हाणली तरी फार तर काही डझन ज्यूल ऊर्जा निघते आणि ती हाताच्या टप्प्यातच संपते. 9 मिमीची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने निघाली, तर तिच्यात जवळजवळ 500 ज्यूल असतात. .22 चं चिमुकलं काडतूससुद्धा गोळी दीड किलोमीटरपर्यंत नेऊ शकतं.

तरीही मी तिला अवजारच म्हणेन. काँक्रीटमध्ये खिळे ठोकायचं, दारूच्या काडतुसावर चालणारं यंत्र घ्या. चेंबर (काडतूस बसतं ती जागा), फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन), चाप, सगळं बंदुकीसारखंच. सुरुवातीच्या यंत्रांत खिळा थेट स्फोटाच्या दाबाने सुटायचा. भिंत कच्ची किंवा पातळ निघाली की आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागायचा. म्हणून मध्ये दट्ट्या आला. आता दाब दट्ट्यावर येतो, तो खिळा ठोकतो आणि यंत्रातच अडतो. शिवाय तोंड पृष्ठभागावर घट्ट दाबल्याशिवाय बार उडतच नाही. बंदुकीत असा अडसर घालायची सोयच नाही, कारण ऊर्जा लांब पोचवणं हेच तिचं काम. रचनेने जे सांभाळायचं, ते इथे वापरणाऱ्याच्या शिस्तीवर येऊन पडतं. अवजार म्हणून उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि नुसत्या धास्तीने तर नाहीच नाही.

आता सेफ्टी. ती एक यांत्रिक खीळ आहे. काही पिस्तुलांत फक्त चाप अडवते, काहींत फायरिंग पिनवर आपटणारा घोडाही. झिजते, मळते, लावायची राहून जाते. काही पिस्तुलांना हाताने लावायची सेफ्टी नसतेच. सगळ्यात घातक चूक तर वेगळीच: पिस्तूल रिकामं करताना क्रम उलटा होणं. आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतलं) दुसरं आत ढकलते. मग मॅगझिन काढलं की माणूस निर्धास्त होतो, आणि चेंबर भरलेलंच असतं. बरोबर क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढून मागे अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही चाचपा. अंधारात किंवा घाईत डोळा फसतो, म्हणून बोट.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर लगेच उघडू नका. दारू उशिरा पेटू शकते. नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून निदान 30 सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी मागच्या बाजूने तपासायची.